शिरोलीजवळच्या ऑटो इलेक्ट्रिक गाळ्यात ॲक्सिलरेटर सेन्सरचे सेटिंग

कोल्हापूरकडे जाताना शिरोली एमआयडीसीच्या अलीकडे, महामार्गाच्या सेवा रस्त्याला लागून पत्र्याच्या गाळ्यांची एक रांग आहे. त्यांतील एका गाळ्यावर दुकानाचे नाव लिहिलेले नाही; ‘ऑटो इलेक्ट्रिक, सर्व अवजड वाहने’ एवढीच अक्षरे लाल रंगाने पत्र्यावर काढलेली आहेत. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझ्या दहाचाकी ट्रकच्या ॲक्सिलरेटर पेडलच्या सेन्सरचे सेटिंग मी या गाळ्यात करून घेतले. त्यानंतर गाडी सुमारे अकरा हजार किलोमीटर चालली आहे. असे काम कसे झाले ते भरलेली गाडी चार-सहा वेळा घाट चढल्याशिवाय कळत नाही, म्हणून अभिप्राय लिहिण्यास मी मुद्दाम वेळ घेतला. काम उत्तम झाले आहे, आणि ते का उत्तम झाले हे नीट समजावे यासाठी मी थोडे तपशिलात लिहिणार आहे, कारण ज्यांच्या गाडीला हाच त्रास आहे त्यांना ‘चांगला मिस्त्री आहे, जा’ एवढे सांगून उपयोग होत नाही.

गाडी २०१८ सालची, बीएस ४ या प्रदूषण मानकाची, कॉमन रेल इंजिनाची, म्हणजे डिझेल इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सोडणाऱ्या इंजिनाची आहे. बिघाड उघड होण्याच्या आधी जवळजवळ तीन आठवडे आमच्या चालकाची एकच तक्रार होती, “मालक, रेस तळापर्यंत दाबली तरी गाडी उचलत नाही.” आम्ही डिझेल फिल्टर बदलला, एअर फिल्टर बदलला, टर्बोच्या होजला कुठे चीर गेली आहे का तेही पाहिले, फरक पडला नाही. सपाट रस्त्यावर गाडी चालत होती, त्यामुळे मीही दुर्लक्ष केले, ही माझी चूक. मग एके दिवशी पुण्याहून शिरोलीच्या फाउंड्रीसाठी भंगार भरून येताना खंबाटकी घाटात गाडी अडली. साताऱ्याहून पुण्याला जाणारी वाहने तेव्हा बोगद्यातून निघून जात होती, परंतु पुण्याहून साताऱ्याकडे येणाऱ्या गाड्यांना घाट चढूनच यावे लागत होते, आणि पूर्ण भरलेल्या गाडीची परीक्षा तेथेच होत होती. चालकाने खालचा गिअर टाकण्यासाठी रेसवरून पाय उचलला, गिअर पडला, परंतु पुन्हा पाय दाबला तेव्हा इंजिनाने काहीच प्रतिसाद दिला नाही. चेक इंजिनचा दिवा लागला आणि इंजिन मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांवर एकाच सुरात चालत राहिले. गाडी डाव्या कडेला घेऊन चाकांना दगड लावावे लागले. दहा मिनिटांनी चावी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर गाडीने रेस घेतली आणि ती कशीबशी घाट पार झाली.

वाटेत एका गॅरेजमध्ये चालकाने गाडी दाखवली. तेथे स्कॅनर लावून पेडलच्या सेन्सरचा फॉल्ट असल्याचे सांगण्यात आले, जे खरेच होते, आणि लगेच संपूर्ण पेडल असेंब्ली बदलण्यासाठी साडेआठ हजारांचा आकडा सांगण्यात आला. कपलर, म्हणजे वायरी जोडणारा खटका, काढून पाहिला गेला नाही, व्होल्ट मोजायचा मीटर लावला गेला नाही. फॉल्ट कोड फक्त कोणत्या सर्किटमध्ये गडबड आहे ते सांगतो. त्या सर्किटमध्ये सेन्सर, सहा वायरी, दोन कपलर, अर्थिंग आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, हे सगळे येते, याचा तेथे कोणी विचारच केला नाही. मी कराडला राहतो. गाडी कराडला आली तेव्हा मी केबिनमध्ये बसलो, माल शिरोलीत खाली केला आणि तिथल्याच एका गाडीमालकाने सुचवल्यावरून या गाळ्यासमोर गाडी उभी केली.

पुढचे समजण्यासाठी या सेन्सरचे काम थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. जुन्या गाड्यांमध्ये पेडलपासून दांड्यांची रचना थेट इंजिनावरील डिझेल पंपाच्या लिव्हरपर्यंत जात असे आणि पायाने दाबले तेवढा लिव्हर फिरत असे. त्या काळी अशा तक्रारी घेऊन आपण हा पंप दुरुस्त करणाऱ्याकडे जात होतो. इलेक्ट्रॉनिक इंजिनात पाय आणि डिझेल यांच्यामध्ये असा कोणताही दोरा किंवा दांडी नसते. पेडल किती दाबले आहे हे सेन्सर व्होल्टेजच्या रूपाने ईसीयूला कळवतो आणि किती डिझेल सोडायचे ते ईसीयू ठरवतो. देशभर १ एप्रिल २०१७ पासून बीएस ४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ लागू झाल्यानंतर रस्त्यावर आलेल्या बहुतेक अवजड गाड्यांत हीच पद्धत आहे.

सेन्सरच्या आत एक नव्हे तर दोन स्वतंत्र मापके असतात आणि प्रत्येकाला तीन वायरी असतात: पाच व्होल्टचा पुरवठा, अर्थ म्हणजे विजेच्या परतीची वायर, आणि सिग्नल. माझ्या गाडीत पाय उचललेला असताना पहिला सिग्नल ०.७५ व्होल्टच्या आसपास आणि दुसरा त्याच्या निम्मा, म्हणजे ०.३८ च्या आसपास असावा लागतो. पेडल तळाला गेल्यावर पहिला ३.८० आणि दुसरा १.९० च्या जवळ. दुसरा सिग्नल सतत पहिल्याच्या निम्मा राहतो की नाही याकडे ईसीयूचे लक्ष असते. हे प्रमाण बिघडले की कोणत्या सिग्नलवर विश्वास ठेवायचा हे त्याला कळत नाही, आणि मग तो पायाचे ऐकणे बंद करून इंजिन ठरावीक फेऱ्यांवर ठेवतो. मोजमाप शून्यापासून सुरू न होता ०.७५ पासून का सुरू होते, हा प्रश्न मला पूर्वी पडत असे. त्याचे कारण असे की वायर तुटली तर सिग्नल शून्यावर येतो आणि पुरवठ्याच्या वायरीला चिकटली तर पाचावर जातो. निरोगी सेन्सरचे मोजमाप या दोन्ही टोकांपासून दूर ठेवलेले असल्यामुळे ईसीयूला वायरीतला बिघाड आणि पायाची हालचाल यांतील फरक ओळखता येतो.

गाळ्यातील मिस्त्री पन्नाशीचे असावेत. हाताखाली दोन मुले होती, पण हे काम त्यांनी स्वतः केले. प्रथम स्कॅनर लावून कोड पाहिला: एसपीएन ९१, एफएमआय ४. अवजड वाहनांच्या कोडपद्धतीत एसपीएन ९१ म्हणजे ॲक्सिलरेटर पेडलची स्थिती आणि एफएमआय ४ म्हणजे व्होल्टेज मर्यादेपेक्षा कमी. कोड वहीत लिहून ठेवला, पुसला नाही. मला हे विशेष वाटले, कारण बहुतेक ठिकाणी कोड आधी पुसतात, दिवा गेला की ‘झाले काम’ म्हणतात आणि पुढच्या घाटात तो दिवा पुन्हा लागतो.

त्यानंतर इंजिन बंद आणि चावी चालू ठेवून मोजणी सुरू झाली. मीटरच्या दोन्ही वायरींच्या टोकांना त्यांनी शिवणाच्या बारीक सुया डाग देऊन जोडलेल्या आहेत. कपलर न काढता, वायर जेथून कपलरमध्ये शिरते तेथील रबराच्या कडेने सुई आत सरकवून ते पिनेपर्यंत पोहोचतात. वायरीच्या आवरणाला भोक पाडून मोजण्याची सवय अनेकांना आहे. ते भोक दिसत नाही, परंतु पावसाळ्यात त्यातून पाणी शिरते, आतले तांबे हिरवे पडते आणि सहा महिन्यांनी नवीनच बिघाड उभा राहतो. पुरवठा एका बाजूला ४.९८ आणि दुसऱ्या बाजूला ४.९७ व्होल्ट मिळाला. सेन्सरची अर्थ आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात तीन शतांश व्होल्टचा फरक होता, म्हणजे अर्थिंग शाबूत होते. वायरीचा गठ्ठा हलवून, कपलर डावी-उजवीकडे वाकवून पुन्हा तेच आकडे पाहिले गेले. हे सर्व होईपर्यंत त्यांनी सेन्सरच्या सिग्नलला हातही लावला नव्हता, आणि हाच क्रम बरोबर आहे, कारण पुरवठा आणि अर्थिंग चुकीचे असतील तर सिग्नलच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

सिग्नल मोजला तेव्हा पाय उचललेल्या स्थितीत पहिला ०.५१ आणि दुसरा ०.२६ निघाला. पेडल तळाला दाबले तेव्हा पहिला ३.२८ आणि दुसरा १.६४. आकडे वहीत लिहून मिस्त्रींनी वही माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, “शेठ, सेन्सर मेला न्हाई. जाग्यावरनं हललाय.”

दोन्ही सिग्नल खाली आलेले असले तरी दुसरा अजूनही पहिल्याच्या निम्माच होता. सेन्सरच्या आतला एखादा पट्टा झिजला असता किंवा एखाद्या वायरीत विरोध वाढला असता, तर एकच आकडा बिघडला असता आणि प्रमाण मोडले असते. दोन्ही एकाच प्रमाणात सरकले, याचा अर्थ दोन्ही मापके ज्या एका दांडीवर फिरतात ती दांडीच चुकीच्या जागेपासून सुरुवात करत होती. खंबाटकीत काय झाले तेही यावरून स्पष्ट झाले. या गाडीचा ईसीयू पहिला सिग्नल साधारण ०.५० च्या खाली गेला की बिघाड धरतो. गिअर टाकण्यासाठी पाय पूर्ण उचलला, गाडी हादरत होती, ०.५१ चा सिग्नल क्षणभर त्या रेषेखाली गेला आणि ईसीयूने पेडलकडे पाठ फिरवली. सपाट रस्त्यावर पाय सहसा अर्धा दाबलेला असतो, म्हणून तेथे तो दिवा लागत नव्हता. तीन आठवड्यांची ‘गाडी उचलत नाही’ ही तक्रारही खरी होती: ०.७५ ते ३.८० या पल्ल्यातील ३.२८ म्हणजे साधारण ८३ टक्के, आणि आमचा चालक तळापर्यंत पाय दाबूनही इंजिनाकडे तेवढीच मागणी पोहोचत होती. फिल्टर बदलण्यात आम्ही घालवलेले पैसे या एका भागाकाराने वाचले असते.

सेन्सर निरोगी आहे हे केवळ दोन टोकांच्या आकड्यांवरून ठरत नाही, आणि हे त्यांना माहीत होते. त्यांनी डिजिटल मीटर बाजूला ठेवला आणि कपाटातून काट्याचा जुना मीटर काढला. मुलाला पेडल अगदी हळू, तळापर्यंत पंधरा-वीस सेकंद लागतील इतक्या संथ गतीने दाबायला सांगितले आणि स्वतः काट्याकडे पाहत राहिले. काटा मधेच झटका न खाता, मागे न पडता एकसारखा चढला आणि तसाच उतरला. डिजिटल मीटरवरचे आकडे थांबून थांबून बदलतात, त्यामुळे क्षणभराची तूट त्यात दिसत नाही. काट्याच्या मीटरवर ती लगेच दिसते. ज्या सेन्सरमध्ये कार्बनचा पट्टा असतो, तो पट्टा सर्वांत जास्त तेथे झिजतो जेथे महामार्गावर तासन्‌तास पाय एकाच जागी टेकलेला असतो. म्हणून त्यांनी मधला टप्पा दोनदा तपासला. दोन्ही सिग्नलसाठी हीच चाचणी झाली.

यानंतरची गोष्ट मी स्वतःही लक्षात घेतली नव्हती. आमच्या चालकाने केबिनमध्ये मूळ रबरी मॅटवर दुसरी जाड मॅट अंथरली होती. पेडल त्या मॅटवर टेकत होते, त्याच्या लोखंडी थांब्यापर्यंत पोहोचतच नव्हते. मॅट काढल्याबरोबर तळाचा आकडा ३.२८ वरून ३.५६ झाला. सेन्सर हलल्यामुळे जेवढी रेस कमी झाली होती, त्यापेक्षा किंचित जास्त या मॅटने खाल्ली होती. मॅट तशीच ठेवून कोणी तळाचा आकडा जुळवण्यासाठी सेन्सर फिरवला असता, तर वरची स्थिती बिघडली असती आणि एका चुकीवर दुसरी चुकी बसली असती.

माझ्या गाडीत सेन्सर पेडलच्या बुडाशी एका पट्टीवर दोन बोल्टांनी बसवलेला आहे आणि त्याच्या लिव्हरपासून पेडलपर्यंत बोटभर लांबीची दांडी आहे. पट्टीवरची भोके लांबट आहेत, म्हणजे सेन्सर थोडा फिरवून जुळवता येतो. बोल्ट सैल झाले होते. आधीच्या कोणत्या तरी कामात ते उघडून स्प्रिंग वॉशरशिवाय आवळलेले होते. परंतु मिस्त्रींनी सेन्सर फिरवण्याआधी त्या छोट्या दांडीचे बॉल जॉइंट बोटांनी हलवून दाखवले. पेडलकडचा जॉइंट खडखडत होता. तो बदलल्याशिवाय केलेले सेटिंग टिकणार नाही, कारण जॉइंटमधला खेळ जेवढा, तेवढा सिग्नल प्रत्येक हादऱ्याला वर-खाली होत राहणार, असे त्यांनी सांगितले आणि शेजारच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून नव्वद रुपयांचा जॉइंट मागवला. साडेआठ हजारांच्या असेंब्लीची गोष्ट निघाली होती तेथे हा नव्वद रुपयांचा जॉइंट आणि दोन वॉशर होते, हे मला येथे नोंदवावेसे वाटते.

प्रत्यक्ष सेटिंग पाहण्यासारखे होते. दोन्ही बोल्ट अर्धा वळसा सैल करून, सेन्सरचे अंग अंगठ्याने दाबत ते केसभर फिरवत होते आणि दुसऱ्या हातात धरलेल्या मीटरकडे पाहत होते. ०.७५ आला की बोल्ट आवळले, आणि आवळताच आकडा ०.७८ झाला. पुन्हा सैल केले. बोल्ट आवळताना सेन्सर नेहमी त्याच दिशेला किंचित ओढला जातो हे लक्षात आल्यावर त्यांनी ०.७२ वर थांबून, दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत नेले, आणि शेवटच्या आवळणीला आकडा ०.७५ वर येऊन थांबला. मग तळाचा आकडा पाहिला: ३.८०. दुसरा सिग्नल ०.३८ आणि १.९०. पेडल दहा वेळा तळापर्यंत दाबून सोडल्यावर पुन्हा ०.७५ येतो की नाही ते पाहिले, आणि त्यानंतर सेन्सरच्या अंगावरून पट्टीवर जाणारी पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढली. पुढे केव्हाही सेन्सर हलला, तर ती रेघ तुटलेली दिसेल आणि चालकालाही मीटरशिवाय कळेल.

या वेळी मी त्यांना एक प्रश्न विचारला, जो बहुतेक गाडीमालकांच्या मनात येतो: आकडा थोडा वर, ०.९० वगैरे ठेवला तर पिकअप वाढेल का? काही ठिकाणी असे करून देतात आणि सुरुवातीला गाडी हलकी झाल्यासारखी वाटतेही. त्यांनी स्पष्ट नकार दिला आणि कारणही दिले. पाय पूर्ण उचललेला असतानाही सिग्नल वर राहिला तर ईसीयूला पाय अजून पेडलवरच आहे असे वाटते. इलेक्ट्रॉनिक इंजिनात पाय उचलला आहे हे ईसीयूला कळल्यावरच एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनाकडूनच गाडी रोखणारा ब्रेक, लागतो आणि उतारावर गिअरमध्ये असताना डिझेल बंद होते. सिग्नल वर ठेवलेल्या गाडीने बोरघाट उतरायला सुरुवात केली, तर चालक एक्झॉस्ट ब्रेकचे बटण दाबेल आणि तो लागणार नाही. सगळा भार चाकांच्या ब्रेक ड्रमवर येईल. तळाच्या बाजूलाही काही मिळत नाही, कारण १०० टक्के मागणीच्या पुढे ईसीयू काहीच मोजत नाही. ज्या गाडीमालकांनी हे ‘वरचे सेटिंग’ करून घेतले असेल, त्यांनी ते आजच पूर्ववत करून घ्यावे, असे माझे कळकळीचे सांगणे आहे. गिऱ्हाईक स्वतःहून मागत असताना नकार देणारा मिस्त्री मला या गाळ्यात भेटला, आणि माझ्या दृष्टीने या ठिकाणाची सर्वांत मोठी शिफारस तीच आहे.

शेवटी स्कॅनरने कोड पुसला. चावी चालू करून, इंजिन सुरू न करता, पेडल सावकाश तळापर्यंत दाबून तितकेच सावकाश सोडले, चावी बंद केली आणि मिनिटभर थांबून इंजिन सुरू केले. काही गाड्यांत पेडलची नवीन दोन टोके ईसीयूला अशा प्रकारे शिकवावी लागतात, काहींत ते काम स्कॅनरमधून करावे लागते आणि काहींत ईसीयू ती आपोआप शिकतो. स्कॅनरच्या पडद्यावर पाय उचलल्यावर ० टक्के आणि तळाला १०० टक्के असे वाचन मला दाखवले. एकूण मजुरी बाराशे रुपये, जॉइंट आणि वॉशर धरून तेराशे वीस. मला हा दर वाजवी वाटला. कामाला सुमारे अडीच तास लागले, परंतु त्याआधी रांगेत चार तास थांबावे लागले.

आता उणिवा. या गाळ्यात छापील पावती मिळत नाही. मी आग्रह धरल्यावर वहीच्या पानावर आकडे आणि रक्कम लिहून मिळाली, आणि मिस्त्रींनी आनंदाने लिहून दिली हेही खरे, परंतु ज्यांना हिशेबासाठी जीएसटीची पावती लागते त्यांची येथे अडचण होईल. मोजलेले आकडे गिऱ्हाइकाला लेखी देण्याची पद्धत त्यांनी सुरू केली, तर पुढच्या तपासणीच्या वेळी तुलना करता येईल. आजारी माणसाकडे जुने रिपोर्ट असले की डॉक्टरचे काम सोपे होते, तसेच हे आहे. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. मिस्त्री आणि मुलगा केबिनखाली काम करत असताना गाडीच्या चाकांना अडण लावलेले नव्हते. हँडब्रेक ओढलेला होता, जागाही सपाट होती, तरीही सेवा रस्त्याच्या कडेला, शेजारून भरधाव गाड्या जात असताना हे योग्य नाही. मी स्वतः गाडीतले लाकडी ठोकळे काढून लावले. मुलांच्या जिवाचा प्रश्न असल्यामुळे मी हे त्यांना तोंडावर सांगितले आणि येथेही लिहीत आहे.

प्रत्येक गाडीला या कामाचा उपयोग होईल असेही नाही. अनेक नव्या गाड्यांत पेडल आणि सेन्सर मिळून एकच बंद डबा असतो. त्यात लांबट भोके नसतात, जुळवण्यासारखे काही बाहेर नसते, आणि डबा उघडून आत हात घालणे म्हणजे तो कायमचा निकामी करणे होय. अशा गाडीत आकडे बिघडलेले निघाले तर पेडल बदलण्याला पर्याय नाही. मात्र तेथेही बदलण्याआधी पुरवठा, अर्थ, कपलरच्या पिना आणि मॅट तपासणे आवश्यक असते. चुंबकाच्या आधारे मोजणाऱ्या, परस्परांना न घासणाऱ्या सेन्सरमध्ये पट्टा झिजण्याचा प्रश्न नसतो. पण म्हणून तो पाण्यापासून सुरक्षित असतो असे नाही, कारण त्याचा कपलरही धुण्याच्या फवाऱ्यासमोर तसाच उघडा असतो. केबिन आतून पाइपने धुण्याची सवय ज्या चालकांना आहे त्यांनी पेडलच्या बुडाशी पाणी मारू नये. बीएस ६ गाड्यांच्या बाबतीत या गाळ्यातील स्कॅनर काही मोजक्याच कंपन्यांच्या इंजिनांपर्यंत पोहोचतो, असे मिस्त्रींनी स्वतःच सांगितले. त्यामुळे बीएस ६ गाडी नेण्याआधी फोन करून विचारून घेणे बरे. आमच्यासमोर आलेल्या एका नव्या गाडीला त्यांनी हात न लावता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे पाठवले.

कामानंतरच्या पहिल्याच फेरीत गाडी कोल्हापूरहून साखर भरून न्हावा-शेवा बंदराला गेली. बोरघाट उतरताना एक्झॉस्ट ब्रेक पाय उचलताच लागत होता, हे मी चालकाला मुद्दाम तपासायला सांगितले होते. परतीच्या मालाने खोपोलीहून लोणावळ्यापर्यंतची चढण गाडीने एकदाही दिवा न लावता काढली, आणि दुसऱ्या दिवशी खंबाटकीत, पूर्वी जेथे चाकांना दगड लावले होते त्या वळणाच्या पुढे, गिअर बदलताना पाय उचलून पुन्हा दाबल्यावर इंजिनाने लगेच उचल घेतली. चालकाने घाटमाथ्यावरून फोन करून एवढेच सांगितले, “मालक, गाडी पहिल्यासारखी झाली.” त्यानंतर दिवाळीपर्यंतच्या हंगामात त्याच वाटेवर सात फेऱ्या झाल्या आहेत.

गेल्या आठवड्यात गाडी ग्रीसिंगसाठी कराडला उभी असताना मी स्वतः मीटर घेऊन बसलो. सुई रबराच्या कडेने आत घालायला मला चार प्रयत्न लागले. पाय उचलल्यावर ०.७५, तळाला ३.७९, आणि सेन्सरवरून पट्टीवर गेलेली पिवळी रेघ होती तशी अखंड.